‘सगळं आमचे सीए बघतात’, मग तुम्ही काय बघायचं?

बँकेच्या कर्ज विभागात २७ वर्षं काढली, त्यातली बहुतेक पुण्यातच. टेबलापलीकडे कधी भोसरी एमआयडीसीतला जॉबवर्क करणारा, कधी लक्ष्मी रोडचा कापडवाला, कधी मार्केट यार्डातला अडत्या. धंदे वेगवेगळे, पण ताळेबंदातल्या एखाद्या आकड्यावर बोट ठेवलं की उत्तर एकच यायचं: "साहेब, ते सगळं आमचे सीए बघतात."

एका किराणा दुकानदाराच्या ताळेबंदात ३१ मार्चला हातातली रोख शिल्लक होती ११ लाख. मी विचारलं, एवढी रोकड दुकानात ठेवता? ते हसायलाच लागले. "अहो, गल्ल्यात अकरा हजार असले तरी आम्ही देवाला नमस्कार करतो." मग हा आकडा आला कुठून? घरखर्चाला काढलेले पैसे वर्षभर कुणी लिहिलेच नव्हते. जो फरक उरला तो रोख शिल्लक म्हणून तसाच पुढे ओढला. खाली सही होती, शिक्का होता. दुकानदारांना वाटत होतं की आपले सीए उत्तम आहेत, कारण आजवर एकही नोटीस आली नव्हती.

आता निवृत्त झालो, तरी सोसायटीतले दोघे-तिघे संध्याकाळी बाकावर हाच विषय काढतात. आपला हिशेब बघणारा माणूस बरा आहे की नाही, हे हिशेबातलं काही न कळणाऱ्याने ओळखायचं कसं? मला विचाराल तर एकच गोष्ट बघा. वेळ हातात असताना तो तुम्हाला काही सांगतो का? विवरणपत्र भरणं हे त्याचं किमान काम झालं. भरायच्या आधी, वर्ष संपायच्या आधी, माल घ्यायच्या आधी त्याच्याकडून काही कळतं का, यावर खरी पारख होते.

पण आधी तो नक्की कोण आहे ते पाहू. आपल्याकडे टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये नोंदी करणारा मुलगाही ‘आमचे सीए’ असतो आणि जीएसटीची विवरणपत्रं भरणारे कर सल्लागारही. चार्टर्ड अकाउंटंट्स कायदा १९४९ चा. त्याखालच्या संस्थेचा सभासद असून प्रॅक्टिसचं प्रमाणपत्र ज्याच्याकडे आहे, तोच प्रॅक्टिस करणारा सीए. कर सल्लागार असण्यात कमीपणा काहीच नाही. पुण्यात सेल्स टॅक्सच्या काळापासून काम करणारे असे कितीतरी सल्लागार आहेत, की ज्यांना पेठेतल्या धंद्याची नस एखाद्या नव्या सीएपेक्षा जास्त माहीत असते. फक्त आयकराच्या टॅक्स ऑडिटवर सही सीएचीच लागते. तेव्हा तुमचे सल्लागार "सहीचं मी बघतो" म्हणाले, तर सही कोणाची, त्या सीएंनी तुमची पुस्तकं पाहिली का आणि तुम्ही त्यांना कधी भेटलात का, हे विचारा.

सही खरी आहे का, हे बघायला दोन मिनिटं लागतात. २०१९ पासून सीएने दिलेल्या प्रत्येक प्रमाणपत्रावर आणि ऑडिट अहवालावर यूडीआयएन नावाचा १८ अंक-अक्षरांचा क्रमांक लागतो. सीए संस्थेच्या यूडीआयएन संकेतस्थळावर तो कुणालाही तपासता येतो. बँकेत आम्ही तपासायचो. क्रमांकच नाही, किंवा आहे पण दुसऱ्याच कागदाचा, असं निघालं की त्या फाइलचं पुढे काय व्हायचं ते सांगायला नको.

आता मोबाइल नंबराकडे येऊ. पुढचं वाचण्याआधी एवढं बघा: जीएसटीच्या पोर्टलवर, आयकराच्या पोर्टलवर आणि टीडीएसच्या (म्हणजे पैसे देताना कापून भरायच्या कराच्या) ट्रेसेस पोर्टलवर मोबाइल आणि ई-मेल कोणाचा आहे? दहापैकी निम्म्या ठिकाणी तरी तो सल्लागाराचा निघेल, अशी पैज लावायला मी तयार आहे. ओटीपीसाठी सारखं तुम्हाला कोण फोन करणार, म्हणून नोंदणीच्या वेळी त्याने स्वतःचा नंबर टाकला आणि तुम्हालाही ते सोयीचं वाटलं. पूर्वी नोटीस पोस्टमन आणायचा, घरी पाकीट दिसायचं, बायको विचारायची. आता नोटीस पोर्टलवर येते. जीएसटी कायद्यात पोर्टलवर टाकणं ही नोटीस बजावण्याची एक मान्य पद्धत आहे. त्यातही गंमत अशी की नोटिसांचा एक रकाना आहे आणि ‘अतिरिक्त नोटिसा’ असा दुसराच एक रकाना आहे. पहिला पाहून दुसरा न उघडल्यामुळे एकतर्फी आदेश झालेले व्यापारी माझ्या माहितीत आहेत. तेव्हा ‘नोटीस आली नाही’ याचा अर्थ पुष्कळदा ‘मला कळलं नाही’ एवढाच असतो.

मुख्य संपर्क तुमचाच ठेवा. आयकराच्या पोर्टलवर दुय्यम संपर्काचीही सोय आहे, तिथे सल्लागाराचा नंबर टाका. पासवर्ड दोघांकडे असू दे. डिजिटल सहीचा डोंगल मात्र त्याच्या ड्रॉवरमध्ये पडून असेल, तर तुम्ही कोऱ्या चेकवर सह्या करून दिल्यासारखंच आहे. चांगला सल्लागार हे बदल विनातक्रार करून देतो. "कशाला, माझ्यावर विश्वास नाही का?" असं उत्तर आलं, तर मी जरा सावध होईन.

पैशांचंही तसंच. कर भरायला सल्लागाराच्या खात्यात किंवा हातात रक्कम कधीही देऊ नये. चलन त्याने काढावं, पैसे तुमच्या बँक खात्यातून जावेत. आमच्या ओळखीच्या एकाने तीन तिमाह्या ‘जीएसटीचे पैसे’ दरवेळी पाकिटात घालून दिले. पावती मागायला त्याला भीड वाटली. भीड भिकेची बहीण म्हणतात, ते असं. चौथ्या तिमाहीला कळलं की सरकारदरबारी एक रुपयाही पोचला नव्हता.

विवरणपत्रं वेळेवर जातात का, हे पाहायला लॉगिनसुद्धा लागत नाही. जीएसटीच्या संकेतस्थळावर ‘सर्च टॅक्सपेअर’मध्ये स्वतःचा जीएसटी क्रमांक टाका आणि फायलिंगचा तक्ता उघडा. कोणत्या महिन्याचं विवरणपत्र कोणत्या तारखेला गेलं, सगळं समोर येतं. दरमहा भरणाऱ्यांसाठी जीएसटीआर-१ (विक्रीच्या बिलांचं विवरणपत्र) ची मुदत पुढच्या महिन्याची ११ आणि ३बी (कर भरायचं विवरणपत्र) ची २० तारीख. उलाढाल ५ कोटींपर्यंत असून तिमाही पर्याय घेतला असेल, तर तिमाही संपल्यावर पुढच्या महिन्यात जीएसटीआर-१ ची १३ आणि ३बी ची महाराष्ट्रात २२. एखादा महिना मागेपुढे झाला तर आकाश कोसळत नाही. पण तक्त्यात सलग २७, २९, पुढच्या महिन्याची ३ असं दिसलं, तर दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क आणि थकलेल्या करावर १८ टक्के व्याज तुम्ही गुपचूप भरताय. ते ‘चलनाची रक्कम’ या एका आकड्यात मिसळून येतं, म्हणून जाणवत नाही. चलन आलं की विचारा: यात कर किती आणि दंड-व्याज किती?

इथून पुढचा भाग थोडा किचकट आहे. पण सगळ्यात जास्त पैसे इथेच गळतात, म्हणून सावकाश सांगतो.

समजा, भोसरीत तुमचं मशीन शॉप आहे. तुम्ही ५ लाखांचं पोलाद घेतलं, त्यावर १८ टक्क्यांनी ९० हजार जीएसटी. व्यापाऱ्याला ५ लाख ९० हजार दिले. हे ९० हजार तुमचा खर्च नाहीत. तुम्ही ग्राहकाकडून जो जीएसटी घेता त्यातून ते वजा करायचे असतात. यालाच इनपुट क्रेडिट म्हणतात. आता अट अशी, की त्या व्यापाऱ्याने आपल्या जीएसटीआर-१ मध्ये तुमचं बिल दाखवलं पाहिजे. ते दाखवलं की दर महिन्याच्या १४ तारखेला तयार होणाऱ्या तुमच्या २बी या पत्रकात ते येतं. १ जानेवारी २०२२ पासून नियम स्पष्ट आहे: २बी मध्ये नाही, तर क्रेडिट नाही. तुमच्याकडे बिल असो, तुम्ही पैसे दिलेले असोत, काही उपयोग नाही.

समजा, व्यापाऱ्याने बिल दाखवलंच नाही. अशा वेळी तुमचा हिशेब बघणारा तीनपैकी एक गोष्ट करतो. पहिला प्रकार: २बी उघडतच नाही, टॅलीत जेवढं दिसतं तेवढं क्रेडिट घेऊन मोकळा होतो. आज छान वाटतं, पण वर्ष-दोन वर्षांनी फरकाची नोटीस येते आणि ९० हजार व्याजासकट परत करावे लागतात. दुसरा प्रकार: फक्त २बी मध्ये दिसतं तेवढंच घेतो आणि बाकीचं सोडून देतो, तुम्हाला न सांगता. हा जास्त घातक, कारण यात नोटीस कधीच येत नाही. २०२५-२६ च्या बिलाचं क्रेडिट घ्यायची शेवटची संधी ३० नोव्हेंबर २०२६, किंवा त्याआधी वार्षिक विवरणपत्र भरलंत तर त्या दिवशी संपते. त्यानंतर ९० हजार गेले ते गेलेच. तुमच्या सल्लागाराची मासिक फी आठवा आणि भागाकार करून बघा.

तिसरा प्रकार: १४ तारखेनंतर दोन दिवसांत व्हॉट्सअॅपवर यादी पाठवतो. "ही चार बिलं आलेली नाहीत, या दोघांना फोन करा, पुढचं पेमेंट देताना जीएसटीची रक्कम अडवून ठेवा." हा माणूस सोडू नका. फी वाढवून मागितली तर द्या.

तेव्हा आजच विचारा, "गेल्या महिन्याचं २बी चं जुळवणीपत्रक पाठवता का?" पत्रक असेल तर पाच मिनिटांत येईल. "बघून सांगतो" असं उत्तर आलं, तर ते बहुधा केलेलंच नाही. ऑक्टोबर २०२४ पासून पोर्टलवर आयएमएस ही सोयही आहे. पुरवठादाराचं प्रत्येक बिल स्वीकारायचं, नाकारायचं की प्रलंबित ठेवायचं, ते तिथे ठरवता येतं. काहीच केलं नाही तर बिल स्वीकारलं असं धरलं जातं. तुमच्या नावावर भलत्याच कुणाचं बिल पडलंय का, हे तिथे कोण बघतंय, तेही विचारून ठेवा.

ताळेबंदाबद्दल बँकवाला म्हणून सांगतो. आम्ही नफा सगळ्यात शेवटी बघायचो. आधी बघायचो अखेरचा माल. स्टॉकचा आकडा गोळाबेरीज, १८,००,००० असा गुळगुळीत असला, की समजायचं मोजणी झाली नाही, हवा तेवढा नफा काढून उरलेलं स्टॉकमध्ये बसवलंय. ३१ मार्चला किंवा पुढच्या दोन दिवसांत तुमच्याकडे मालाची यादी मागायला कुणी आलं नसेल, तर तो आकडा आला कुठून? मग सस्पेन्स खातं. नोंद कुठे टाकायची ते कळलं नाही, की तिथे ढकलायची. महिनाभर राहिलं तर ठीक, वर्षअखेरीच्या ताळेबंदात ते असता कामा नये. मग येणं: तीन वर्षांपूर्वी दुकान बंद करून गेलेल्या गिऱ्हाइकाची उधारी अजून ‘येणे’मध्ये दिसते का? या तिन्ही गोष्टी वाचायला कॉमर्सची पदवी लागत नाही. ताळेबंद हातात घ्या आणि अकाउंटंटला म्हणा, मला माझ्याच धंद्याची ही गोष्ट मराठीत सांगा. पंधरा मिनिटांत सांगता आली नाही, तर त्याने ती लिहिलेली नाही, सॉफ्टवेअरने लिहिली आहे.

एक वेगळीच गफलत अशी, की सल्लागार अगदी कायद्यात राहूनही तुमचं नुकसान करू शकतो. छोट्या धंद्यांना उलाढालीवर अंदाजे नफा दाखवायची सोय आहे: बँकेतून आलेल्या रकमेवर ६ टक्के, रोखीवर ८ टक्के. मर्यादा २ कोटी, रोख जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ३ कोटी. पुस्तकं ठेवायची कटकट नाही, म्हणून सगळेच खूश. समजा उलाढाल १ कोटी, सगळी बँकेतून. दाखवलेला नफा ६ लाख, प्रत्यक्षात सुटतात १५. मुळात हे ६ टक्के म्हणजे तळाची पातळी आहे, नफा जास्त असेल तर जास्त दाखवणंच अपेक्षित आहे. ते बाजूला ठेवलं तरी, तीन वर्षांनी मुलगा म्हणतो, कोथरूडला गाळा घेऊ. तुम्ही बँकेत येता. बँकेला तुमचे १५ लाख दिसत नाहीत, महिना ५० हजार दिसतात. त्यातले निम्मे हप्त्याला धरले तर २५ हजार. त्यात कोथरूडचा गाळा सोडा, शटरसुद्धा येणार नाही. असे चेहरे उतरलेले मी खूप पाहिले. ज्याने दरवर्षी ‘कर वाचवला’ त्याने एकदाही विचारलं नव्हतं, की येत्या तीन-चार वर्षांत कर्ज काढायचा विचार आहे का?

वेळेआधी सांगणं म्हणजे काय, याची ताजी परीक्षा तुमच्या फोनमध्येच सापडेल. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले, १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे बहुतेक वस्तूंसाठी गेले. पाकीटबंद फरसाण १२ वरून ५ वर आलं. तयार कपड्यांना ५ टक्के दराची मर्यादा नगामागे १,००० रुपयांवरून २,५०० वर गेली, आणि त्यावरच्या कपड्यांना १८ टक्के. त्याआधीच्या आठवड्यातले मेसेज काढून बघा. तुमच्या मालाचा दर काय होणार, बिलिंगचं सॉफ्टवेअर कधी बदलायचं, असं काही त्याने कळवलं होतं, की घटस्थापनेच्या सकाळी गिऱ्हाइकानेच तुम्हाला सांगितलं? तसंच १ एप्रिल २०२६ पासून १९६१ चा आयकर कायदा जाऊन २०२५ चा लागू झाला, कलमांचे क्रमांक बदलले. तुम्हाला ते पाठ असायची गरज नाही. त्याच्याकडून एखादी ओळ तरी आली का?

आगाऊ कराचंही असंच. वर्षाचा कर १० हजारांच्या वर जाणार असेल तर १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च अशा हप्त्यांनी तो भरावा लागतो. वरची ६-८ टक्क्यांची सोय घेतलेल्यांना एकदमच, १५ मार्चपर्यंत. तुमचा अकाउंटंट डिसेंबरात "यंदा नफा कितीपर्यंत जाईल?" असं विचारत असेल तर ठीक. थेट जुलैत व्याजासकट आकडा सांगत असेल, तर नाही.

आणि पुण्या-पिंपरीच्या कारखानदारीत हमखास सापडणारी एक गोष्ट. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे, सेवा देणाऱ्याचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. मुदत उलटून ३१ मार्चलाही ते थकलेले असले, तर तो खर्च त्या वर्षी धरला जात नाही, ज्या वर्षी पैसे द्याल तेव्हा धरतात. २०२३-२४ पासूनचा हा नियम. देण्यांची अशी यादी फेब्रुवारीत हातात आली तर उपाय करता येतो. सप्टेंबरात ऑडिटच्या वेळी कळलं, तर नुसतं डोक्याला हात लावायचा.

टीडीएसचा हिशेब बरोबर आहे का, हे तुमच्याआधी तुमच्या जागामालकाला कळतं. "तुम्ही कापलेला कर माझ्या कराच्या पत्रकात, २६एएस मध्ये, दिसत नाही" असा त्यांचा फोन दोनदा आला, तर काहीतरी गडबड आहे. भरणा पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत, मार्चचा ३० एप्रिलपर्यंत. उशीर झाला की महिन्याला दीड टक्का व्याज आणि तिमाही विवरणपत्र रखडलं तर दिवसाला २०० रुपये.

रिफंडच्या टक्क्यावर फी मागणारा सीए भेटला, तर उठून या. त्यांच्या आचारसंहितेत मोजके अपवाद सोडता ते बसत नाही. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल, तर जो ऑडिटर तोच पुस्तकं लिहिणारा, असंही कंपनी कायद्यात चालत नाही.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर अन्याय होईल. १९ तारखेला रात्री साडेनऊला कॅरीबॅगमध्ये बिलं कोंबून नेऊन देणारे, त्यातली निम्मी चहा सांडून पुसट झालेली, आणि वर "उद्या शेवटची तारीख आहे ना, बघा जरा" म्हणणारे आपणच. घरचा किराणा, मुलीची फी, गोव्याची ट्रिप, सगळं एकाच करंट खात्यातून. आणि फी ठरवताना शेवटचे ५०० रुपये कमी करून घेतल्याशिवाय चैन नाही. बिलं ५ तारखेच्या आत पोचत असतील आणि तरीही काम उशिरा होत असेल, तरच दोष त्याच्याकडे जातो. तीन महिने तसं करून बघा. काही जणांचे सल्लागार त्या तीन महिन्यांतच ‘सुधारले’, हे मी पाहिलंय.

तरीही बदलायचं ठरलं, तर भांडण न करता बदला. ऐन सप्टेंबर-ऑक्टोबरात नको, त्या वेळी नवा माणूस तुमच्याकडे बघणारही नाही. एप्रिल-मे बरा. ऑडिट करणारा सीए बदलायचा असेल, तर नव्या सीएने जुन्याला आधी पत्र लिहून कळवायचं असतं. लोक याला एनओसी म्हणतात, पण ती जुन्याची परवानगी नव्हे, चौकशी आहे. वाद नसलेली जुनी ऑडिट फी मात्र चुकती करा. ती थकलेली असेल तर नव्याने काम घेऊ नये, असं सीए संस्थेचं धोरण आहे. जुन्याने गंभीर गैरवर्तन केलं असेल, तर संस्थेच्या शिस्तपालन विभागाकडे ठरावीक नमुन्यात तक्रार करता येते, पण फोन उचलत नाही एवढ्यासाठी तो मार्ग नाही.

निघताना काय काय घ्यायचं? टॅलीचा संपूर्ण बॅकअप, पीडीएफ नव्हे. सगळे पासवर्ड, आणि त्याच दिवशी ते बदला. डोंगल. मागच्या वर्षांची विवरणपत्रं, चलनं आणि ऑडिट अहवाल. चालू असलेल्या नोटिसांची यादी आणि त्यांना दिलेली उत्तरं. व्यवसाय कराच्या दोन्ही नोंदणींचे (एक मालकाची स्वतःची, दुसरी नोकरांच्या पगारातून कापायच्या कराची) क्रमांकही विसरू नका. मालकाचे वर्षाला २,५०० रुपये ३० जूनपर्यंत भरायचे असतात. रक्कम किरकोळ असल्यामुळे जुना आणि नवा दोघंही समजतात की ते दुसऱ्याने भरलेत.